मधली बिजागरी

सेकंडहँड फोल्डिंग सायकल बघायला जाल तेव्हा टायर, गिअर, सीट हे सगळं नंतर बघा. आधी फ्रेमच्या मधोमध जी बिजागरी असते ना, तिच्या फटीवर बोट ठेवा आणि बरोबरच्या माणसाला सीटवर जोर द्यायला सांगा. साध्या सायकलची फ्रेम एकसंध असते, तिथे असं काही बघायचं नसतं. फोल्डिंगची फ्रेम मात्र मुद्दाम मधून तोडलेली असते आणि आपलं वजन, रस्त्यातले खड्डे, अचानक ब्रेक दाबल्यावर बसणारा झटका, हे सगळं त्या तोडलेल्या जागेतूनच पुढे जातं. एक पिन, दोन प्लेटा आणि एक लॅच, बस, एवढ्याच्या जिवावर माणूस रस्त्यावर असतो. मी हे एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या सायकलच्या त्या बिजागरीपायी मी आणि आमच्या बिल्डिंगमधले एक काका, आम्ही दोघांनी बराच वेळ घालवला, आणि त्यातून जे कळलं ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं फार मनापासून वाटतंय.

फोल्डिंगच का, तर आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, खाली पार्किंगमध्ये टू-व्हीलरच एकमेकींना चिकटून उभ्या असतात, तिथे सायकल ठेवली तर संध्याकाळपर्यंत तिचा आरसा, बेल, काही जागेवर राहत नाही. ऑफिस नाशिकरोडला. सकाळी सायकलने जावं, येताना पाऊस लागला किंवा फार उशीर झाला तर घडी घालून रिक्षात पायाशी ठेवून यावं, घरी आल्यावर दारामागे उभी करावी, असा साधा हिशोब होता. बारा-तेरा किलो वजन म्हणजे तीन जिने चढवताना दम लागतो पण चढवता येते. नवीन घ्यायची तर किंमत परवडत नव्हती, म्हणून गंगापूर रोडला एक मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला निघाला होता त्याच्याकडून घेतली. वीस इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, सहा गिअर. मुलगा सरळ होता, म्हणाला, ताई, मधून थोडा आवाज येतो पण तसं काही नाही, मी दोन वर्षं चालवलीय.

आवाज यायचा खरा. टक. पेडल मारताना नाही, स्पीडब्रेकरवरून मागचं चाक खाली उतरलं की टक. सर्व्हिस रोडला एकामागे एक छोटे ब्रेकर टाकलेत तिथे टक-टक-टक. सायकलचे आवाज मला लहानपणापासून कळतात, चेन सुकली की कसा येतो, बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांचं मधलं बेअरिंग, गेलं की कसा येतो, मडगार्डचा स्क्रू ढिला असला की कसा येतो. हा त्यातला नव्हता. हा आवाज पोकळीतून यायचा आणि तो यायच्या आधी क्षणभर सायकल अंगाखाली जराशी खचल्यासारखी वाटायची. त्या खचण्याचीच मला जास्त काळजी होती.

आणि लॅचचा दांडा एका बोटाने बंद व्हायचा. हे तर अजिबातच बरोबर नव्हतं.

लॅच कसा चालतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांच्या टोकांना दोन जाड प्लेटा असतात. एका बाजूला त्या उभ्या पिनेने जोडलेल्या, म्हणजे दार जसं चौकटीला तसं, आणि समोरच्या बाजूला लॅच. दांडा फिरवला की त्याच्या पुढचा आकडा दुसऱ्या प्लेटला पकडून आत ओढतो. गंमत दांड्याच्या फिरण्यात आहे. आपल्या उभ्या टिफिनची कडी आठवा, ती दाबताना मध्यापर्यंत जोर लागतो आणि मध्य ओलांडला की ती आपली आपण खट्कन बसते, मग आतून कितीही ढकललं तरी उलट अजून घट्ट होते. लॅचही तसाच मध्य ओलांडून बसतो. त्यामुळे तो झटक्यांनी सहसा उघडत नाही. तरी वरून एक सेफ्टी कॅच दिलेला असतो, छोटं बटण किंवा सरकती पट्टी, तो दाबल्याशिवाय दांडा उघडूच नये म्हणून. सायकलींसाठीचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ४२१०, त्यातसुद्धा हे आहे की घडीचा लॉक चालवताना चुकून सुटता कामा नये. आकडा किती ओढणार हे ठरवायला एक ॲडजस्टिंग बोल्ट असतो आणि तो हलू नये म्हणून त्याच्यावर चेकनट.

घडीच्या सायकलचा सगळा इतिहासच या एका सांध्याचा इतिहास आहे असं मला आता वाटायला लागलंय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर्ससाठी बीएसए कंपनीने जी घडीची सायकल बनवली तिला वर-खाली दोन बिजागऱ्या होत्या आणि हाताने पिळायचे कानवाले नट. सोपं, अंधारात चाचपडत पण लागेल असं. मग १९७० च्या दशकात लंडनला अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये खटपट करून जी सायकल बनवली, खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी चर्च दिसायचं म्हणून तिचं नाव ब्रॉम्प्टन, तिच्यातही आजवर बिजागरी घट्ट करायला फिरवायचा क्लॅम्पच आहे, झटपट दांडा नाही. फिरवायला चार-दोन सेकंद जास्त जातात पण क्लॅम्प आतून उताराचा असल्याने दोन्ही तोंडं एकमेकांवर आपोआप नीट ओढली जातात. आणि तिकडे अमेरिकेत डेव्हिड हॉन, ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत लेझरवर काम करणारे फिजिसिस्ट, १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलच्या रांगा बघून ते घडीच्या सायकलकडे वळले आणि १९८२ मध्ये डाहोन कंपनी निघाली. झटकन बंद होणाऱ्या दांड्याचे लॅच आज जे सगळीकडे दिसतात ते मुख्यतः त्या वळणाचे. लेझरवाल्या माणसाला एका बिजागरीवर अख्खं आयुष्य लावावंसं वाटलं याचं मला आता अजिबात नवल वाटत नाही.

तर मी सायकल घेऊन रिपेअरवाल्याकडे गेले. नाशिकमध्ये सायकलवाल्यांना तसा तोटा नाही. २०१५ मध्ये आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस ॲक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून तर पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला हेल्मेटवाल्यांचे थवे दिसतात, डिस्क ब्रेक, कार्बन फ्रेम, महागडे गिअर सगळं बघणारे लोक आहेत. पण फोल्डिंग क्वचित येते दुकानात. त्या मुलाने दांडा उघडला, बंद केला, म्हणाला, मॅडम, लॅच ढिला झालाय, आणि पाना लावून चेकनट सोडवला, बोल्ट चांगला आवळला, परत चेकनट. पैसे पण घेतले नाहीत. आता दांडा बंद करायला तळहाताने दणका द्यावा लागायला लागला. आणि आवाज? थोडा बारीक झाला, गेला नाही.

इथे मी थांबले. कारण दणका मारून बंद करायचा लॅच हा ढिल्या लॅचपेक्षा बरा नसतो. दांड्याच्या पिनेवर, आकड्यावर, आट्यांवर सतत जास्त ताण राहतो, आणि हे सगळं ॲल्युमिनियमचं किंवा त्यात बसवलेलं असतं. लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं, इशारा देतं. ॲल्युमिनियमचं तसं नसतं, त्याच्यात थकवा आत साठत जातो, कितीही कमी ताण असला तरी पुरेशा वेळा दिला की कधीतरी तडा जातोच, आणि तो तडा बारीक असतो तोवर वरून काही कळत नाही. आणि दुसरं म्हणजे, जर ढिलेपणा हेच कारण असतं तर एवढं आवळल्यावर आवाज जायलाच हवा होता. तो गेला नाही म्हणजे कारण वेगळं आहे. हे आमच्या काकांचं वाक्य.

काका खालच्या मजल्यावर राहतात. अंबडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, तीस-बत्तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर. नाशिकच्या या पिढीच्या माणसांबद्दल मला फार आदर आहे आणि तो बोलून दाखवायची संधी क्वचित मिळते म्हणून इथे लिहिते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये ज्यांनी आयुष्य काढलं, कुणी मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलची नोझलं केली, कुणी महिंद्रात, कुणी छोट्या शेडमध्ये डाय बनवल्या, त्यांच्या बोटांना मायक्रॉन कळतात. आपण म्हणतो द्राक्षं, कुंभमेळा, वाईन, पण या शहराच्या घराघरात व्हर्नियर कॅलिपर बाळगून असलेले म्हातारे बसलेत, त्यांना कुणी काही विचारत नाही. मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण वर गॅलरीत, उजेडात."

पहिल्यांदा त्यांनी लॅचला हातच लावला नाही. पुढचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि स्वतः सायकल मागे-पुढे हलवत हँडलखालच्या बेअरिंगच्या कपवर बोट ठेवलं. तिथे प्ले, म्हणजे ढिली हालचाल, असता तर बोटाला कळला असता. नव्हता. मग पुढचं चाक माझ्या गुडघ्यांत धरायला लावून हँडल डावी-उजवीकडे पिळलं, कारण फोल्डिंगला हँडलच्या दांडीतही एक बिजागरी आणि लॅच असतो आणि आवाज तिकडून येऊन फ्रेमला ऐकू येऊ शकतो. तोही ठीक. मग सीट ढिली नाही ना, सीटपोस्टचा क्लॅम्प. ठीक. मग मला बसवलं, एक पाय जमिनीवर, आणि ते खाली वाकून फ्रेमच्या बिजागरीच्या फटीवर आडवं बोट ठेवून म्हणाले, "आता बस जोरात." मी बसले. टक. "खालून उघडतंय," ते म्हणाले.

खालून का, तर फ्रेम म्हणजे दोन चाकांवर टेकवलेली आडवी तुळई आहे, वरून वजन आलं की ती मधे खाली झुकू बघते, मग सांध्याची वरची कड दाबली जाते आणि खालची कड फाकते. दोन्ही प्लेटा जर पूर्ण तोंडाला तोंड लावून दाबलेल्या असतील तर फाकायला जागाच मिळत नाही, सांधा एकसंध फ्रेमसारखा वागतो. काका मला जे सांगत होते आणि जे मला तेव्हा हळूहळू उमगत गेलं ते हे, की लॅच फ्रेमला धरत नाही. लॅच फक्त दोन प्लेटांना एकमेकींवर दाबतो. धरतात त्या प्लेटा. मग प्लेटाच जर एकमेकींना नीट टेकत नसतील तर लॅच कितीही आवळा, तो हवेला आवळतोय.

हे तपासायला त्यांनी घरातून काय आणलं असेल तर लाइट बिलाचा कागद. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे घरात फुकट मिळणारं फिलर गेजच म्हणा, बारीक फट मोजायचं साधन. लॅच उघडायचा, दोन प्लेटांच्या मधे एका कोपऱ्यात पट्टी ठेवायची, लॅच बंद करायचा, आणि पट्टी ओढून बघायची. लॅचच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात ठेवली, ओढली, फाटली पण निघाली नाही. लॅचच्या बाजूला खाली, फाटली. पिनेच्या बाजूला वर, घट्ट. पिनेच्या बाजूला खाली, सुळकन हातात.

परत केलं, परत सुळकन. पट्टी दुहेरी केली. तरी निघाली. चौघडी करून ठेवली तेव्हा अडकली. म्हणजे त्या एका कोपऱ्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट होती. ऐकायला काहीच नाही. पण प्लेट पाच-सहा सेंटीमीटरची आणि हँडल तिथून साधारण दोन फुटांवर, म्हणजे सांध्यातली एवढीशी फट हँडलपाशी पोचेपर्यंत दहापट होते, दोन-अडीच मिलिमीटर. मला अंगाखाली खचल्यासारखं वाटायचं ते हेच.

मी लगेच म्हटलं, मग खालच्या कोपऱ्यात काहीतरी झिजलंय. काका म्हणाले, "घाई करू नकोस. ढिलं जिथे आहे तिथे दुखणं असेलच असं नाही. टेबलाचा एक पाय हलतो तेव्हा तो पाय आखूड असतो का समोरचा लांब, हे आधी बघायचं." आणि त्यांनी खालचा कोपरा सोडून वरचा, जिथे कागद घट्ट बसत होता, तो बॅटरी मारून बघायला सुरुवात केली.

तिथे काळं काहीतरी होतं. मी आधी ग्रीस समजले होते, जुनं, धूळ बसून कडक झालेलं. नखाने निघेना. केरोसिनमध्ये बुडवलेला टूथब्रश फिरवला तर वरचा थर मऊ झाला आणि खाली रबर दिसलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कुणीतरी कधीतरी आवाज बंद व्हावा म्हणून पिनेजवळ वरच्या बाजूला ट्यूबचा छोटा तुकडा कापून चिकटवला होता, सोल्यूशन लावून, पंक्चरला लावतात तसं. सुरुवातीला आवाज नक्कीच बंद झाला असणार, मऊ रबर झटका खात असेल. मग उन्हात आणि पावसात ते रबर गळून, दाबून, डांबरासारखं कडक झालं. आता तो कोपरा उंच झाला होता आणि त्याच्यामुळे त्याच्या बरोबर खालचा कोपरा उघडा राहत होता. वजन आलं की रबर थोडं दबायचं, खालची फट फाकायची, वजन गेलं की प्लेटा परत आपटायच्या. टक. आणि लॅच आवळून काही का होत नव्हतं तेही कळलं, लॅच त्याच्या स्वतःच्या बाजूला ओढतो, पिनेच्या बाजूचं अंतर पिनच ठरवते, तिथे लॅचचा जोर पोचतच नाही.

मी त्या बंगळुरूच्या मुलाला फोटो पाठवला. त्याला राग येईल असं वाटलं होतं पण त्याने फोन केला, म्हणाला, ताई, मी नाही लावलं, मीपण सेकंडहँडच घेतली होती, आवाज पहिल्यापासून होता. म्हणजे माझ्याकडे आली ती तिसऱ्या हाताला. कुणीतरी पहिल्याच मालकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने आवाज दाबला होता, आणि तो आवाज कशाचा होता हे आता कळायला मार्ग नाही, कदाचित नुसती माती अडकली असेल, कदाचित लॅच खरंच एक पाव आटा ढिला असेल. मला त्या माणसाचा राग नाही आला. पण एक गोष्ट मनात घर करून राहिली. वापरलेली वस्तू घेताना आपण तिची झीज विकत घेतो असं समजतो, आणि झीज तर असतेच, पण त्याच्याबरोबर आधीच्या लोकांनी केलेले इलाजसुद्धा आपल्याकडे येतात. झीज दिसते, तिची किंमत कमी करून मागता येते. इलाज दिसत नाहीत. वर टेप, खाली फेविक्विक, आत ट्यूबचा तुकडा, आणि प्रत्येक नवा माणूस त्याच्यावर अजून एक थर चढवतो. घरांच्या गळतीचं असंच होतं, जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं असंच होतं, हे सगळ्यांना माहितीय, तरी सायकल इतकी साधी वाटते की तिच्यात असं काही दडलेलं असेल हे डोक्यात येत नाही.

काढायला एक अख्खी दुपार गेली. ब्लेड लावायचं नाही, काकांची सक्त ताकीद, ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की तिथून तडा सुरू होऊ शकतो. केरोसिन, थांबायचं, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायचं, परत केरोसिन. मी खरवडत होते आणि काका चहा पीत मला सांगत होते की टूलरूममध्ये नवीन पोरगा आला की पहिले काही महिने त्याला फक्त कानस चालवायला आणि पृष्ठभाग जुळवायला लावायचे. मी विचारलं, आपण इथे कानस मारायची का मग, अजून सपाट होईल. तर केवढ्याने म्हणाले, "नाही! जे कंपनीने दिलंय ते काढायचं नाही. जे नंतर आलंय तेवढंच काढायचं."

साफ झाल्यावर त्यांनी आतून एक छोटी ट्यूब आणली, प्रशियन ब्लूची, रिटायर होताना बरोबर आणलेली असावी. फिटर लोक हे वापरतात, एका तोंडावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवायचा, दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबायची, उघडायची, मग दुसऱ्या तोंडावर जिथे निळं उमटलं तिथे तिथे खरा स्पर्श आहे. आमच्या प्लेटवर चारही कोपऱ्यांजवळ निळे डाग उमटले, मधे कोरं. मी मधल्या कोऱ्या जागेकडे बघून थोडी हिरमुसले, पण काका खूश होते. मधे नाही टेकलं तरी चालतं, कडांना चारी बाजूंनी टेकलं पाहिजे, सांधा वाकू बघतो तेव्हा कामाला कडाच येतात. मग निळं सगळं पुसलं, परत कागदाच्या पट्ट्या, आणि यावेळी चारही कोपऱ्यांत कागद फाटला. फाटलेल्या कागदाचा इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला.

आता लॅच. दुकानात आवळलेला बोल्ट मागे घ्यायचा होता. हा भाग नीट सांगते कारण इथे लोक अंदाजाने पाना फिरवतात. आमचा बोल्ट सहा मिलिमीटरचा होता, म्हणजे एम-सहा, त्याच्या नेहमीच्या आट्यांचा पिच एक मिलिमीटर. एक पूर्ण फेरा फिरवला की आकडा एक मिलिमीटर पुढे-मागे होतो. पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर, आणि लॅचसाठी पाव मिलिमीटर पुष्कळ झालं. म्हणून चेकनट सोडवून पाव-पाव फेरा मागे घेत गेलो, प्रत्येक वेळी दांडा बंद करून बघायचा. दांडा साधारण अर्ध्यावर आला की विरोध जाणवायला लागला पाहिजे आणि तळहाताने दाबून, हातावर थोडी खूण उमटेल इतक्या जोरात, बंद झाला पाहिजे. बोटाने बंद झाला तर ढिला. दणका लागला तर जास्त. जागा सापडल्यावर बोल्ट हलू न देता चेकनट आवळायचा, नाहीतर आवळताना बोल्टही बरोबर फिरतो आणि सगळी मेहनत जाते. दोन हात, दोन पाने. पिनेला आणि दांड्याच्या खिळीला ग्रीसचा थेंब, प्लेटांची तोंडं कोरडी, कारण ग्रीसवर नाशिकची धूळ बसते आणि धुळीचा थर म्हणजे परत तोच प्रकार.

राहिला सेफ्टी कॅच. तो दाबला की आत जायचा पण परत बाहेर यायचा नाही, त्याची स्प्रिंग गंजून निम्मी झाली होती. मी म्हटलं पेनाची घालू, मापाची दिसतेय. काकांनी पेनाची स्प्रिंग माझ्या हातातून काढून घेतली. पेनाची स्प्रिंग रिफिल ढकलायला असते, माणूस सांभाळायला नाही, तिची तार बारीक, आणि एका पावसाळ्यात ती पण गंजणार. त्यांनी जुन्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून चिठ्ठीवर लिहून दिली आणि मला सातपूरला एका स्प्रिंग बनवणाऱ्याकडे पाठवलं. तिथल्या माणसाने चिठ्ठी बघितली, एका डब्यातून स्टेनलेस स्टीलच्या चार-पाच काढल्या, मोजल्या, दोन दिल्या. दुसरी का, तर म्हणाला, ही बसवताना उडते, मॅडम, गॅलरीतून खाली गेली तर परत एवढ्या लांब याल का. अगदी किरकोळ पैसे झाले.

ती बसली आणि कॅच खट्कन बाहेर आला तेव्हा काका म्हणाले, आता शेवटचं. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना जिथे प्लेट फ्रेमच्या पाइपला वेल्ड केलीय तिथला सगळा भाग साबणाच्या पाण्याने धुतला, सुकवला, आणि पांढरं सुती फडकं वेल्डच्या कडेने हळूहळू फिरवलं. तडा असेल तर फडक्याचे धागे अडकतात किंवा रंगात केसासारखी रेघ दिसते आणि त्या रेघेतून काळपट धूळ बाहेर आलेली असते. आम्ही बॅटरीच्या उजेडात सगळीकडून बघितलं. काही नव्हतं. मला ते म्हणाले, "असता तर मी तुला आधीच सांगतो, ही सायकल मी भंगारात द्यायला लावली असती. वेल्डिंग मारून देतो म्हणणारे भेटतील, पण ॲल्युमिनियमची फ्रेम अशी कोपऱ्यावर वेल्ड करून परत तेवढी मजबूत होत नाही, उष्णतेने आजूबाजूचं मेटल मऊ पडतं." त्यांचा आवाज हे सांगताना बदलला होता. दुरुस्तीचं इतकं वेड असलेला माणूस कुठे थांबायचं हेही तितक्याच ठामपणे सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं, आणि घरातल्या मिक्सरपुरतं ते ठीक आहे, पण ज्याच्यावर माणूस बसून ट्रकच्या शेजारून आमचा द्वारका चौक ओलांडणार आहे तिथे मला ते कौतुक मान्य नाही.

आवाज गेला. पहिल्या दिवशी सर्व्हिस रोडच्या ब्रेकरांवरून मी मुद्दाम हळू आणि मग मुद्दाम जोरात गेले. काही नाही. सायकल आता ब्रेकर उतरताना एका तुकड्यात उतरते, हँडलला आणि सीटला एकच गोष्ट कळते. गडबडीत घडी घातली आणि उघडताना प्लेटांमधे काही कचरा आला तर दांडा बंद करतानाच हाताला कळतं की आज विरोध थोडा लवकर लागला, मग उघडून फुंकर मारायची, फडकं फिरवायचं, परत बंद. रविवारी एकदा कागदाची पट्टी चारही कोपऱ्यांत. सेफ्टी कॅच बाहेर आलाय का हे मात्र रोज, प्रत्येक वेळी, बसायच्या आधी अंगठ्याने चाचपून.

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एकीला तिच्या मुलासाठी फोल्डिंग घ्यायची होती, जेलरोडला कुणी विकत होतं, तिने मला बरोबर नेलं. मी पर्समध्ये कागदाच्या पट्ट्या आणि पांढरं फडकं घेऊन गेले. सायकल दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, चकचकीत, टायर नवे, लॅचही छान घट्ट, चारही कोपऱ्यांत कागद फाटला, कॅच खट्कन येत होता. मी मैत्रिणीला जवळजवळ हो म्हणणार होते. मग फडकं फिरवलं आणि ते बिजागरीच्या मागच्या वेल्डखाली एका जागी अडकलं. बॅटरी मारली तर खालच्या बाजूला, जिथे वजन आलं की ताण बसतो तिथेच, नखाएवढी काळी रेघ. मी ती विकणाऱ्या बाईंना दाखवली, त्यांच्या बोटाला ती जाणवू दिली आणि ती कशाची आहे ते जमेल तेवढं समजावून सांगितलं, आमच्या काकांचा नंबरही दिला. त्या बराच वेळ वाकून बघत होत्या. त्यांचा मुलगा रोज हीच सायकल क्लासला न्यायचा, आता बाइक घेतली म्हणून ही काढायची होती. संध्याकाळी मैत्रिणीने सांगितलं की त्यांनी जाहिरात काढून टाकली आणि सायकल भंगारवाल्याला देताना बिजागरीपासून फ्रेम कापून दिली, कुणी परत जोडून विकू नये म्हणून.